४५ किलोचं कासव, डॅलसची थंडी आणि आईची गोधडी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये आलेले 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच आहे. तापमानाचे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, गरज आहे तिथे सेल्सिअसही दिलंय.)



मागच्या महिन्यात फिनिक्सहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या म्हणाल्या, "दादा, आमचं सल्काटा आता ३० किलोचं झालंय. इतकी वर्षं हिवाळ्यात बाथरूममध्ये ठेवायचो, आता ते दार ढकलून बाहेर येतं आणि टाइलवर त्याचे पाय घसरतात. यंदा अंगणातच ठेवायचं ठरवलंय. कुत्र्याचं मोठं घर आणलंय. त्यात एक हीट लॅम्प लावला की पुरेल ना? इकडे काही तुमच्यासारखा बर्फ पडत नाही."

ताई, एका शब्दात उत्तर देतो: नाही पुरणार. हे मी ठामपणे सांगतोय, कारण नेमकी हीच चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिची किंमत आमच्या बंडूने मोजलेली आहे. आजचा भाग त्याच्यावरच.

बंडूची ओळख नवीन श्रोत्यांना करून देतो. बंडू आमचं सल्काटा कासव, वजन ४५ किलो, मुक्काम डॅलसजवळ आमच्या मागच्या अंगणात. आधीच्या मालकांनी तळहाताएवढं पिल्लू आणलं होतं. ते टेबलाएवढं झाल्यावर त्यांनी हात टेकले आणि बंडू आमच्याकडे आला. अमेरिकेत ही गोष्ट घरोघरची आहे. पिल्लू स्वस्तात मिळतं, ते केवढं होणार हे कुणी सांगत नाही.

आधी त्याचं माहेर समजून घेऊ

सल्काटा हे मूळचं आफ्रिकेतलं. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंत साहेलचा जो पट्टा जातो, तिथलं. जमिनीवर राहणाऱ्या कासवांत गॅलापागोस आणि अल्दाब्रा या बेटांवरच्या कासवांनंतर आकाराने याचाच नंबर लागतो. तिकडे ऊन भयंकर आणि पाऊस थोडा. त्यावर त्याचा उपाय म्हणजे बीळ. जमिनीत काही मीटर खोल खणून ते आत जाऊन बसतं. वर दुपारी अंगाची लाही होत असो की रात्री गारठा असो, खाली तापमान फारसं हलत नाही आणि हवेत थोडी ओलही असते.

इथे एक गैरसमज दूर करतो. ताई, फिनिक्सच्या वाळवंटात जे स्थानिक सोनोरन कासव आहे ना, ते हिवाळाभर बिळात झोपतं. खरीखुरी शीतनिद्रा. त्यामुळे तुमचे शेजारी तुम्हाला सांगतील, "कशाला काळजी करता, कासवं झोपतात थंडीत." त्यांचं कासव झोपतं, तुमचं झोपत नाही. सल्काटाच्या शरीरात ती सोयच नाही. थंडीत ते गप्प बसलेलं दिसलं तर ती झोप नाही, ते गारठून बंद पडत चाललेलं असतं.

बंद पडतं म्हणजे काय होतं? सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीराची सगळी कामं बाहेरच्या उष्णतेवर चालतात. पोटातलं गवत पचवायला ऊब लागते. ती मिळाली नाही तर खाल्लेलं आतच कुजायला लागतं. रोगाशी लढायलाही ऊबच लागते. थंडी आणि ओल एकत्र आली की आधी छाती धरते. आणि त्याला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर काढता येत नाही, हा आणखी एक त्रास.

गोधडी ऊब देत नाही

आता आमच्या आईची गोष्ट. २०२० च्या सुरुवातीला ती साताऱ्याहून आमच्याकडे आली आणि लॉकडाऊनमुळे इथेच अडकली. बंडूशी तिची गट्टी जमली. पहिल्या गार संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने शिवलेली गोधडी घेऊन अंगणात निघाली.

मी विचारलं, "आई, अगं कुठे चाललीस?"

"अरे, बंड्याला पांघरूण नको का? बघ की, हातपाय आत ओढून बसलाय."

मला हसू आलं, पण नंतर वाटलं, कासव पाळणारे निम्मे लोक वेगवेगळ्या प्रकारे हेच करत असतात. गोधडी आपल्याला उबदार वाटते, कारण आपण आत शेगडीसारखे तापलेले असतो. ऊब आपली, ती बाहेर निसटू न देण्याचं काम गोधडीचं. कासवाच्या अंगात शेगडीच नाही. गार दगडावर गोधडी टाकली तर दगड गारच राहतो. उलट सकाळी ऊन आलं तरी त्याला तापायला वेळ लागतो, कारण आता गोधडी ऊनही अडवते.

म्हणून आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: ऊब एका गोष्टीतून येते आणि टिकते दुसऱ्या गोष्टीमुळे. कासवाला दोन्ही लागतात. नुसती गोधडी फुकट आणि नुसता हीटरही फुकट.

माझी चूक: नुसता हीटर

बंडू आला त्या पहिल्या हिवाळ्यात मी काय केलं? कुत्र्याचं प्लॅस्टिकचं घर आणलं, छताला हीट लॅम्प टांगला, खाली सुकं गवत अंथरलं आणि निवांत झोपलो. सकाळी हात लावून बघायचो, पाठ चांगली गरम लागायची. मी खूश!

जानेवारीत त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. खाणं सुटलं. मान लांब ताणून तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. डॉक्टरांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने तो बंद असायचा तेव्हाचं तापमान मोजायला सांगितलं. मी पहाटे पाच वाजता उठून मोजलं. दिव्याखाली कवचाचा माथा १०५ आणि खाली पायाजवळची कातडी ५५!

त्याचं कारण सोपं आहे. आमच्या आजोळी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. तांब्याभर पाणी पटकन तापतं आणि पटकन निवतं, पण बंबभर पाण्याला वेळ लागतो. ४५ किलोचं कासव म्हणजे बंब. वरून एका ठिकाणी दिवा लावला तर तेवढाच पत्रा तापणार, आतलं पाणी गारच. त्यातून कासव गार असलं की त्याचं रक्तही संथ फिरतं, त्यामुळे पाठीची ऊब पोटापर्यंत पोचत नाही. कवच म्हणजे काही नुसती ढाल नाही, ते जिवंत हाड आहे. ते वरून भाजतं आणि जनावर आतून गारठतं. एकाच रात्री दोन्ही.

शिवाय सुक्या गवतावर टांगलेला तापलेला दिवा म्हणजे आगीला आमंत्रण. कासवाने धक्का दिला, दिवा खाली पडला, की संपलं. माझ्याकडे तसं झालं नाही, हे माझं नशीब.

त्यानंतर अनेक आठवडे दर तीन दिवसांनी पुढच्या पायात अँटिबायोटिकचं इंजेक्शन. ४५ किलोचं कासव पाय आत ओढून बसलं की तो पाय बाहेर काढणं हे दोन माणसांचं काम असतं. बंडू वाचला. पण ते दिवस आठवले की अजून लाज वाटते.

मग काय करायचं? पेटी

बिळाची नक्कल करायची. लहान, बुटकी, सगळीकडून बंदिस्त पेटी. ध्येय एकच: आतली सगळी हवा, जमीन आणि भिंती रात्रभर ८० अंशांच्या आसपास, म्हणजे २७ सेल्सिअस. कासवावर ऊब सोडायची नाही, त्याची खोली उबदार करायची.

आमची पेटी आतून ४ फूट बाय ६ फूट, उंची २ फूट. प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये दोन इंची कडक फोमचा बोर्ड, हार्डवेअरच्या दुकानात गुलाबी किंवा निळ्या रंगाचा मिळतो तो. सहाही बाजूंना, म्हणजे जमिनीला आणि झाकणालासुद्धा. बरेच जण जमीन विसरतात. आणि फोम कुठेही उघडा ठेवायचा नाही, कासव तो खातं. खरंच खातं.

हे सगळं कशासाठी, ते आकड्यांत बघू. या पेटीचं सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ ८८ चौरस फूट. बाहेर २० अंश आणि आत ८०, म्हणजे फरक ६० चा. दोन इंची फोमची आर-व्हॅल्यू १०. ८८ गुणिले ६०, भागिले १०. उत्तर येतं तासाला ५२८ बीटीयू, म्हणजे साधारण १५५ वॉट. तेवढी ऊब दिली की झालं. तीच पेटी नुसत्या प्लायवूडची असेल तर हजार वॉटच्या वर लागतील. दाराच्या फटींतून जाणारी ऊब दोन्हीकडे वेगळी धरायची. तर हीटर मोठा घेण्याआधी गोधडी जाड करा. आईचं गोधडीवर प्रेम होतं ते बरोबरच होतं, फक्त ती बंडूला नको होती, पेटीला हवी होती.

हीटर म्हणून आत छोटा ७०० वॉटचा तेलाचा रेडिएटर आहे. त्यात उघडी तार नाही, जाळ नाही. त्याच्यापुढे सिमेंटच्या ब्लॉकची भिंत, कारण बंडू कशालाही ढकलतो. छताला लावायचे सपाट हीट पॅनेलही चांगले असतात. आता बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी सांगतो:

रेडिएटर फिरवायच्या बटणाचा घ्या, डिजिटल नको. वीज जाऊन परत आली की डिजिटलवाले बरेचसे बंदच राहतात. बटणवाला आपला आपण सुरू होतो.

थर्मोस्टॅट वेगळा लावा आणि तो तुमच्या हीटरच्या वॉटला पुरणारा आहे का ते बघा. त्याचा सेन्सर कवचाच्या उंचीला हवा. छताला लावला तर वरची गरम हवा मोजून तो हीटर लवकर बंद करेल आणि खाली कासव गार.

दुसरा साधा थर्मामीटर ठेवा, रात्रीचं सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारा. आमचा वायरलेस आहे, त्याचा डबा ओट्याशेजारी असतो. ६५ च्या खाली गेलं की तो कोकलतो.

वायर बाहेरच्या वापराची, जाड आणि होईल तेवढी लहान घ्या. सॉकेट जीएफसीआयचं असू द्या, ओल लागली की ते लगेच ट्रिप होतं. पण ट्रिप झालं की हीटरही बंद, हे विसरू नका. तो कोकलणारा डबा त्यासाठीच.

दाराला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे दोन पडदे, एकामागे एक, आणि रात्री वरून फोमचं झाकण. आत पाण्याची एक बादली ठेवा, कारण रेडिएटरने हवा फार कोरडी पडते.

संध्याकाळची गडबड

पेटी बांधली म्हणजे काम संपलं असं नाही. हिवाळ्यातली सगळ्यात फसवी वेळ दुपारची. फिनिक्सला जानेवारीत दुपारी ६५-७० अंशांपर्यंत जातं आणि पहाटे ४५ च्या आसपास येतं. कासव दुपारी उन्हात मजेत फिरतं, चरतं. पाच-साडेपाचला ऊन उतरतं आणि अर्ध्या तासात गारवा येतो. तेव्हा ते पेटीकडे जाईलच असं नाही. बंडूचा आवडता कोपरा कुंपणाजवळच्या झुडपात आहे. तिथे जाऊन बसला आणि गार पडला, की मग त्याची इच्छा असली तरी पाय चालत नाहीत.

म्हणून आमच्या घरी नियम आहे: दिवेलागणीच्या आधी बंडू आत. नसेल तर त्याला ढकलत, नाहीतर फळकुटावरून ओढत न्यायचा. आत गेला की दार लावायचं, आणि तो आत आहे हे डोळ्यांनी बघायचं. "असेल आत" चालत नाही.

सकाळी दार उघडायची घाई करू नका. बाहेर ऊन पडून ६० च्या वर गेलं की मगच. सलग ढगाळ, ओले, गार दिवस आले तर दिवसभर आतच ठेवा आणि खाणं कमी करा. आठवड्यातून एकदा, उबदार दुपारी, कोमट पाण्यात अर्धा तास बसवायचं. त्यानंतर पुसून कोरडं करून आत.

फेब्रुवारी २०२१

आता खरी परीक्षा. १५ फेब्रुवारीला पहाटे दीडच्या सुमारास टेक्सासमध्ये वीज कापायला सुरुवात झाली. थोड्या वेळासाठी म्हणून गेलेली वीज लाखो घरांत दिवसचे दिवस आली नाही. १६ तारखेला डॅलसचं तापमान उणे २ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरलं. इथली घरं अशा थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. आमच्या हॉलमध्ये ४६ अंश झाले. मुलं जॅकेट घालून पांघरुणात.

पहाटे डबा कोकलला. पेटीत ६४. पहिला विचार आला, बंडूला घरात आणू. मग लक्षात आलं, घर तर पेटीपेक्षा गार आहे! पेटीच्या भिंती आपलं काम चोख करत होत्या. गोधडी होती, शेगडी विझली होती.

मी स्वयंपाकघरात डोकं धरून बसलो होतो. आई म्हणाली, "अरे, गॅस चालू आहे ना? मग पाणी तापव. लहानपणी तुझं पोट दुखायचं तेव्हा काय करायचे मी?"

गरम पाण्याची पिशवी! एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आमच्याकडे पाच लिटरचे चार कॅन होते. पाणी कढत केलं, उकळू दिलं नाही, कॅनमध्ये भरलं, जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि रेडिएटरच्या ब्लॉकमागे ठेवलं, म्हणजे बंडूला चटका बसणार नाही. नंतर मी हिशोब केला. २० लिटर पाणी ६० सेल्सिअसवरून २१ वर येताना जेवढी ऊब सोडतं, ती या पेटीला तसल्या थंडीतसुद्धा चार-पाच तास पुरते. दाराची गळती धरून आम्ही दर तीन तासांनी कॅन बदलायचो. नळाला धार नव्हती, पण तेच पाणी पुन्हा तापवता येतं. आणि आईची गोधडी शेवटी कामाला आली, पेटीच्या दारावर बाहेरून टाकायला.

रात्री दोनला उणे थंडीत कॅन घेऊन अंगणात जायचं. आई म्हणायची, "मी जाते," मी म्हणायचो, "तू बस." मधे एकदा चाळीस मिनिटं वीज आली, तेव्हा बटणवाला रेडिएटर आपोआप सुरू झाला. १७ तारखेच्या रात्री वीज टिकली. त्या तीन दिवसांत पेटी एकदाही ६० च्या खाली गेली नाही. घरातल्या माणसांपेक्षा बंडू उबेत होता.

एक इशारा मात्र नक्की देतो. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये अनेक कुटुंबांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली, काही जण दगावले. कुणी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, कुणी घरात कोळसा पेटवला. पेटीत किंवा घरात शेगडी, कोळसा, जनरेटर काहीही नको. गॅस आम्ही पाणी तापवण्यापुरताच लावला, तोही खिडकी किलकिली ठेवून.

तर ताई

तुमचं कुत्र्याचं घर परत करा. ते पैसे फोमला लावा. फिनिक्सला फरक ६० चा नाही, ४० चा असेल, म्हणजे तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. पण पेटी नोव्हेंबरच्या आत उभी करा आणि आठवडाभर रिकामी चालवून सकाळचे आकडे लिहून ठेवा. कासव नंतर. आणि माळ्यावर पाण्याचे चार कॅन असू द्या.

पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनाही दोन शब्द. हा भाग ऐकून कुणाला कासव पाळावंसं वाटलं तर थांबा. आपल्याकडचं तारा कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सल्काटासारख्या परदेशी जातींचीही सरकारकडे नोंदणी करावी लागते. शिवाय हे जनावर पन्नास-साठ वर्षं सहज जगतं. बंडू माझ्या मुलांच्या वाटणीत येणार आहे, हे त्यांना मी आत्ताच सांगून ठेवलंय.

आई आता साताऱ्याला परतली. थंडी सुरू झाली की फोनवर पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसतो. "बंड्याच्या पेटीत किती आहे रे?" मी ओट्याकडे बघतो आणि आकडा सांगतो. काल रात्री ८१ होता.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.